सॅम्पलर लावला म्हणजे डायरेक्ट-टू-डिस्क झालं नाही हो!

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास ठोकतंच, "अमिगा 500 वर पण व्हायचं की हार्डडिस्क रेकॉर्डिंग, सॅम्पलर लावायचा फक्त." म्हणजे त्यांच्या मते हेच डायरेक्ट-टू-डिस्क, आवाज येता येता सरळ हार्डडिस्कवर उतरवणं. सॅम्पलर काय असतो ते सगळ्यांना माहितीये, पॅरलल पोर्टला डबी लावायची, 8 बिटचा आवाज आत घ्यायचा आणि ट्रॅकरमध्ये (असे आवाजाचे तुकडे जुळवून गाणं बनवायच्या प्रोग्राममध्ये) वाजवायचा, त्यावर वेळ घालवत नाही.

"पण शेवटी फाईल डिस्कवरच जाते ना?" घोळ इथेच आहे. जाते, पण बहुतेक वेळा नंतर. आधी अख्खा आवाज रॅममध्ये भरतो आणि रॅम संपली की रेकॉर्डिंग बंद. 512 केबीचं मशीन, मोनो, सेकंदाला 22 हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने, इथे एकेक बाइटचे), तर सगळी रॅम मोकळी धरली तरी जेमतेम 24 सेकंद, आणि सगळी मोकळी कधीच नसते.

डायरेक्ट-टू-डिस्कमध्ये रॅम म्हणजे नुसता थांबा. बफरचे दोन भाग, एक भरतोय तोवर दुसरा डिस्कवर उतरवायचा, मग अदलाबदल, हे चालूच, त्यामुळे गाणं किती लांब हे डिस्कवरच्या जागेवर ठरतं. आता सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट, मिनिटाला 10 एमबीच्या वर, आणि डिस्कचा सरासरी वेग तेवढा असून भागत नाही, मध्ये दम खाल्लेला चालत नाही. त्या काळच्या बऱ्याच हार्डडिस्क गरम झाल्या की हेड परत जुळवायला अधूनमधून क्षणभर थांबायच्या, तेवढ्यात बफर तुडुंब भरला की पुढचे सॅम्पल गेले, ऐकताना बरोब्बर तिथे 'टक'. म्हणून तर असं मध्येच न थांबणाऱ्या, ऑडिओ-व्हिडिओसाठीच्या 'एव्ही' डिस्क वेगळ्या विकल्या जायच्या.

1992 च्या अटारी फाल्कन कॉम्प्युटरला हे जमतं कारण आवाज डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, परस्पर रॅममध्ये येतो आणि सीपीयू डिस्ककडे बघायला मोकळा राहतो. सॅम्पलरच्या डबीत 68000 ला (अमिगाच्या सीपीयूला) प्रत्येक सॅम्पल स्वतः पोर्टवरून उचलावं लागतं, डिस्ककडे बघायला त्याला वेळ कमीच उरतो. लोक मात्र 8 बिट की 16 बिट यावरच भांडत बसतात, त्याचा इथे काहीएक संबंध नाही.

आणि "एसटीवर (फाल्कनच्या आधीच्या अटारीवर) क्युबेस या संगीताच्या प्रोग्राममध्ये गाणं रेकॉर्ड केलेलं" म्हणणाऱ्यांनो, ते मिडी, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा एवढ्या नुसत्या सूचना, त्यात आवाज नसतोच.

आज कोणी फाल्कन घेतला तर आतल्या आयडीईला (हार्डडिस्कच्या जोडणीला) सीएफ मेमरी कार्ड लावा, जुनी स्कझी (दुसऱ्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क जपत बसू नका, फक्त कार्ड बरं घ्या, स्वस्तातलं कार्डही लिहिताना मध्येच अडतं.