पॅलिएटिव्ह म्हणजे 'हात वर केले' नव्हे ओ

निपाणीच्या मामांना तोंडाचा कॅन्सर, रेडिएशन चालू होतं, आणि एक दिवस डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की पॅलिएटिव्ह ओपीडीला, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाला, दाखवून या. मामेभावानं मोबाईलवर शोधलं आणि मामीला बाजूला नेऊन सांगितलं, डॉक्टरनी हात वर केले. मामी तिथंच बाकड्यावर बसली, अर्धा तास उठली नाही.

झालेलं काय, तर त्यानं शोधलं पॅलिएटिव्ह आणि वाचलं हॉस्पिसबद्दल. नेटवरची निम्मी पानं अमेरिकेची, तिकडं हॉस्पिस मिळायला डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की पेशंटकडं सहाएक महिनेच आहेत, मग वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच की.

हॉस्पिस म्हणजे आजार बरा करायचे उपचार थांबवल्यानंतरची सेवा. सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरीणबाईंनी १९६७ ला लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस काढलं, आपल्याकडं १९८६ ला मुंबईत शांती अवेदना आलं. बेंगळुरात करुणाश्रय आहे, पैसे घेत नाहीत, पण आपल्याकडनं पाचशे किलोमीटर, आणि घरचं माणूस शेवटी एवढं लांब न्यायला कुणाचं मन होतंय.

पॅलिएटिव्ह मात्र आजार कळला त्या दिवसापासनं सुरू होऊ शकतं, केमो-रेडिएशन चालू असतानाच. कॅन्सरच पाहिजे असंही नाही, हार्ट, किडनी, दम्यासारखे फुप्फुसाचे जुने आजार, सगळ्याला. म्हणजे हॉस्पिस हे पॅलिएटिव्हचंच शेवटचं टोक, पण प्रत्येक पॅलिएटिव्ह पेशंट त्या टोकाला असतो असं नव्हे. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५१ पेशंट घेऊन अभ्यास झाला, सगळ्यांचा आजार पसरलेला. ज्यांना उपचारासोबत सुरुवातीपासनं पॅलिएटिव्ह दिलं ते साधारण ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. त्यानंतर बऱ्याच डॉक्टरांचा विचार बदलला, नाहीतर आधी तेसुद्धा हे शेवटासाठीच राखून ठेवायचे.

आता मामांचं. त्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, रात्री किती वेळा उठता? मग गिळताना दुखतंय का, आणि मामीला, तुम्ही जेवता का वेळेवर? मामा कन्नडमध्ये सुरू झाले आणि मधेच मराठीत घसरले, बाईंनी दोन्हीत ऐकलं. गालाच्या जखमेला वास यायचा म्हणून मामा नातवाला जवळ घेत नव्हते, हे आम्हाला घरात राहून कळलं नव्हतं. त्यावर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून पूड जखमेवर टाकायला दिली, वास बराच कमी झाला.

आणि मॉर्फिन, म्हणजे अफूपासनं बनणारं जोरदार वेदनाशामक. नाव काढलं की मामेभाऊ म्हणाला सवय लागेल. बाईंचं म्हणणं, दुखण्यापुरतं, डॉक्टर सांगतील तेवढं आणि घड्याळ बघून घेतलं तर ते व्यसन नव्हे. बद्धकोष्ठ मात्र होणारच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासनं सोबत. २०१४ ला कायदा सुधारून हॉस्पिटलांना मॉर्फिन ठेवणं सोपं केलंय, तरी सगळीकडं मिळत नाही, गावाकडं परत जायच्या आधी पुढच्या गोळ्या कुठं मिळणार ते विचारून घ्या.

मंगळवारी मामा सकाळी रेडिएशनला गेले आणि दुपारी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर बाईंकडं. फाईल एकच.