डिजिटल सांस्कृतिक वारसा : शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण

संग्रहालये, ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांनी डिजिटल स्वरूपात खुली केलेली चित्रे, नकाशे, पत्रे, जुनी वृत्तपत्रे, ध्वनिमुद्रणे व वस्तूंची छायाचित्रे वर्गात कशी वापरावीत, हे शिक्षकांना इंटरनेटवरून शिकवणारे अभ्यासक्रम. त्यांचा संबंध केवळ इतिहासाशी नाही. जुन्या नकाशावरून भूगोलाचा, फरशांच्या नक्षीवरून भूमितीचा आणि वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांवरून जीवशास्त्राचा पाठ घेता येतो.

अशा प्रशिक्षणासाठी दोन गोष्टी आधी जमून याव्या लागल्या : खुले संग्रह आणि खुले अभ्यासक्रम. योगायोगाने दोन्हींची ठळक सुरुवात २००८ सालची आहे. त्या वर्षी कॅनडात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी कोणालाही विनामूल्य सहभागी होता येईल असा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे मोठ्या संख्येने सहभागी होता येणारा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव त्याच संदर्भात रूढ झाले. २० नोव्हेंबर २००८ रोजी युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने ‘युरोपियाना’ हे युरोपातील संस्थांचे संग्रह एकत्र शोधण्याचे संकेतस्थळ सुरू झाले. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी लोटली की ते बंद ठेवावे लागले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा उघडले. आज त्यावर ५ कोटींहून अधिक नोंदी आहेत. मूळ वस्तू आणि बहुतेक वेळा तिची मोठी प्रतिमाही संबंधित संस्थेकडेच राहते. युरोपियाना तिची माहिती एकत्र शोधण्याची सोय देते.

युरोपीय देशांच्या शिक्षण मंत्रालयांचे जाळे असलेली ‘युरोपियन स्कूलनेट’ ही संस्था १९९७ पासून ब्रुसेल्समधून काम करते. तिने शिक्षकांसाठी विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. पुढे तिने युरोपियानाच्या सहकार्याने वारसा-साहित्याच्या अध्यापनावरील अभ्यासक्रम घेतले. अमेरिकेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल पब्लिक लायब्ररीने विषयवार निवडक मूळ साधनांचे संच तयार केले. तिथलीच अनेक संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने शिक्षकांना स्वतःचे संच बांधता यावेत म्हणून ‘लर्निंग लॅब’ उभारली आणि २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमा कोणत्याही अटीविना खुल्या केल्या.

अभ्यासक्रमांचा साचा साधारण ठरलेला असतो. काही आठवडे, दर आठवड्याला एक घटक, छोट्या चित्रफिती, थोडे वाचन. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या वर्गासाठी एक पाठ टाचण तयार करायचे आणि इतर सहभागी शिक्षकांनी ते तपासायचे. त्यातला मोलाचा भाग हे टाचण आणि त्यावरचे सहकाऱ्यांचे शेरे. चित्रफिती विसरल्या जातात. पण ‘हे सारे एका तासिकेत कसे बसवणार?’ असे दुसऱ्या शिक्षकाने विचारले की टाचण जमिनीवर येते. चांगले टाचण नंतर इतरांसाठी प्रकाशित होते, आणि ते वर्गात राबवल्यावर काय घडले याचा वृत्तान्तही काही ठिकाणी जोडला जातो.

प्रशिक्षणाचा खरा विषय मात्र संगणक नसतो. चित्र शोधून पडद्यावर लावणे बहुतेक शिक्षकांना अर्ध्या तासात जमते. अवघड असते ते चित्राला प्रश्न विचारायला शिकवणे. इतिहासाच्या अध्यापनाचे अमेरिकन संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि शालेय विद्यार्थी यांना तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. हा कागद कोणी, केव्हा लिहिला हे इतिहासकार आधी पाहत. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटत आणि त्यातला मजकूर माहिती म्हणून स्वीकारत. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये केलेले गेंड्याचे काष्ठठसाचित्र याच्या सरावासाठी फार उपयोगी आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला हा गेंडा त्या वर्षी लिस्बनला उतरला. न्यूरेम्बर्गमधल्या ड्यूररने तो पाहिलाच नव्हता; कोणीतरी पाठवलेले वर्णन आणि रेखाटन एवढ्यावर त्याने अंगावर चिलखती पत्रे आणि खांद्यावर एक जादा शिंग असलेला प्राणी कोरला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील प्राणिशास्त्राच्या पुस्तकांनी तोच उतरवून घेतला. मुलांना आधी नुसते चित्र दाखवावे, चुका शोधू द्याव्यात आणि मगच त्याची हकिकत सांगावी. शिक्षकाने क्रम उलटा केला तर पाठ तिथेच संपतो.

हक्कांचा प्रश्न प्रशिक्षणार्थींना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने (निर्मात्याने इतरांना वापराची दिलेली प्रमाण मुभा) आणि २०१६ पासून वापरात आलेली १२ प्रमाण हक्क-विधाने (वस्तूवर कोणाचे हक्क आहेत हे सांगणारी ठरावीक वाक्ये) यांपैकी काही ना काही नोंदीखाली असते, ती वाचायची सवय लावावी लागते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) निर्देशाने अध्यापनासाठी डिजिटल वापराला सवलत दिली आहे. पण ती शाळेच्या जबाबदारीखालील बंदिस्त वापरापुरती. तेच चित्र घालून टाचण सर्वांसाठी प्रकाशित केले की ती सवलत लागू होत नाही. शिवाय युरोपात प्रताधिकार निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. परिणामी एकोणिसाव्या शतकातले साहित्य मुबलक आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले तुटपुंजे, अशी विचित्र अवस्था आहे. अभ्यासक्रमात नेमका हाच काळ मोठा असलेल्या शिक्षकांची त्यामुळे अडचण होते.

इतर मर्यादा परिचयाच्या आहेत. खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारे पुष्कळ, पूर्ण करणारे थोडे. ज्या संस्थांकडे पैसा आणि मनुष्यबळ होते त्यांचेच संग्रह आधी डिजिटल झाले, म्हणून शोधात न सापडलेली वस्तू अस्तित्वातच नव्हती असा मुलांचा समज होऊ शकतो. नोंदी बहुधा त्या त्या संस्थेच्या भाषेत आणि तज्ज्ञांच्या शब्दांत असतात. ‘टोपी’ शोधणाऱ्याला शिरोभूषणांच्या वर्गवारीत जावे लागते. दुवेही तुटतात. त्यासाठी टाचणात दुव्यासोबत संस्थेचे नाव, वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि हक्क-विधान लिहून ठेवावे लागते. संकेतस्थळ बदलले तरी त्या क्रमांकावरून वस्तू पुन्हा शोधता येते.