कंट्रोल चार्ट इतक्या प्रकारचे का झाले

कंट्रोल चार्ट म्हणजे प्रक्रियेची आकडेवारी वेळेनुसार मांडून, वर-खाली मर्यादा आखून, ती बिघडते आहे का हे दाखवणारा आलेख. कोणता कंट्रोल चार्ट लावायचा हे ठरवायला बहुतेक ठिकाणी एक तयार तक्ता असतो: माप घेता की दोष मोजता, नमुना केवढा, मग अमुक चार्ट. तक्ता चुकीचा नाही. पण त्यातला प्रत्येक फाटा कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून फुटला आहे. ती अडचण ठाऊक नसेल, तर नियमाने बरोबर पण कामाला निरुपयोगी चार्ट सहज निवडला जातो.

बेल टेलिफोनसाठी उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये तपासणी व्हायची ती माल तयार झाल्यावर. तिथले वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना एक छोटे टिपण पाठवले. त्यातल्या आकृतीत सदोष मालाचे प्रमाण वेळेनुसार मांडले होते आणि वर-खाली मर्यादा आखल्या होत्या. म्हणजे पहिला कंट्रोल चार्ट आजच्या पी-चार्टच्या (सदोष मालाच्या प्रमाणाच्या चार्टच्या) जातीचा होता. १९३१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मूळ विचार सविस्तर मांडला. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार अंगभूत असतात, त्यामागे धावून मशीन सारखे ‘अ‍ॅडजस्ट’ केले तर गुणवत्ता उलट बिघडते; शोध घ्यायचा तो नेमके कारण सापडण्याजोग्या बदलाचा.

मर्यादा मध्यरेषेपासून तीन सिग्मावर का? (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, बिंदू सरासरीभोवती किती पसरतात याचे माप.) वितरण नॉर्मल, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकाराचे असेल तर स्थिर प्रक्रियेतही सरासरी ३७० बिंदूंमागे एक खोटा इशारा येतो, हे खरे. पण शूहार्ट यांचा आधार ही संभाव्यता नव्हती. उगाच शोध घेण्याचा खर्च आणि खरा बिघाड निसटण्याचा खर्च यांचा मेळ अनुभवाने तिथे बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथाच्या शीर्षकातच ‘इकॉनॉमिक’ हा शब्द आहे. मला हा सगळ्या विषयाचा कणा वाटतो.

मापांसाठी एक्स-बार (नमुन्याची सरासरी) आणि आर (रेंज) या चार्टची जोडी रुजली ती हाताने करायच्या हिशेबामुळे. प्रमाण विचलन काढणे किचकट. रेंज म्हणजे सर्वांत मोठ्या रीडिंगमधून सर्वांत लहान वजा. एल. एच. सी. टिपेट यांनी रेंजच्या वितरणाचे गणित १९२५ मध्ये मांडले होते. चार-पाचच्या नमुन्यात रेंज वापरून फारसे नुकसान होत नाही. नमुना दहाच्या पुढे गेला की मधली रीडिंग वाया जातात, तिथे प्रमाण विचलनाचा एस-चार्ट बरा.

खरी निवड मात्र चार्टच्या नावात नसून नमुना कसा गोळा करायचा यात आहे. शूहार्ट यांची अट होती की एका उपगटात (एका वेळी घेतलेल्या छोट्या नमुन्यात) फक्त अंगभूत चढउतार यावेत. चार कॅव्हिटीच्या, म्हणजे एकदम चार नग ओतणाऱ्या चार पोकळ्यांच्या मोल्डमधून प्रत्येकी एक नग घेऊन उपगट केला, तर कॅव्हिटींमधला कायमचा फरक रेंजमध्ये शिरतो आणि मर्यादा फुगतात. मग सगळे बिंदू मध्यरेषेला चिकटून बसतात आणि चार्ट महिनोन्‌महिने गप्प राहतो. ही शांतता पाहून खूश होणारे पुष्कळ भेटतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ च्या अमेरिकी युद्धमानकांमुळे हे चार्ट शस्त्रास्त्र कारखान्यांत पसरले. पुढे त्यांची उणीवही दिसली: सरासरी एका सिग्माने सरकली, तर एकेका रीडिंगच्या चार्टला ते कळायला सरासरी ४४ बिंदू लागतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हँडबुकने त्यावर जास्तीचे नियम दिले, जसे सलग आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूला. पण तिथले चारही नियम एकदम लावले की खोटा इशारा ३७० ऐवजी साधारण ९२ बिंदूंमागे एक येतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या चौकटींवर टिक करण्याआधी हा आकडा जरूर पाहावा.

केंब्रिजच्या ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये वेगळी वाट धरली. शूहार्ट चार्ट मागचे बिंदू विसरतो, तर पेज यांच्या क्यूसम (साठत्या बेरजेच्या) चार्टमध्ये लक्ष्यापासूनचे विचलन साठत जाते आणि तेच एका सिग्माचे सरकणे साधारण दहा बिंदूंत पकडले जाते. १९५९ मध्ये बेल लॅब्सच्या एस. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांनी जुन्या रीडिंगचे वजन हळूहळू घटवणारी सरासरी वापरली. तोच आजचा ईडब्ल्यूएमए चार्ट. टूल अचानक तुटण्यासारख्या मोठ्या धक्क्याला मात्र साधा शूहार्ट चार्टच चपळ, म्हणून तो आणि या नव्या चार्टपैकी एक असे दोन्ही एकत्र चालवणे शहाणपणाचे.

परस्परांशी बांधलेल्या अनेक मापांसाठी हॅरोल्ड होटेलिंग यांनी १९४७ मध्ये बॉम्बसाइटच्या (विमानातून बॉम्बचा नेम धरण्याच्या उपकरणाच्या) आकडेवारीवर, सगळी मापे एकत्र पाहणारा टी-स्क्वेअर चार्ट मांडला होता. सेन्सर सेकंदासेकंदाला रीडिंग देऊ लागले तेव्हा नवीच अडचण आली. लागोपाठची रीडिंग एकमेकांसारखी असतात, मूव्हिंग रेंज (लागोपाठच्या दोन रीडिंगमधला फरक) लहान येते, मर्यादा अरुंद होतात आणि इशाऱ्यांचा पूर येतो. अशा वेळी चार्टचा प्रकार बदलून भागत नाही. रीडिंगमधले अंतर वाढवावे लागते, किंवा आधी टाइम सिरीज मॉडेल (मागच्या रीडिंगवरून पुढच्याचा अंदाज देणारे गणित) बसवून उरलेल्या फरकाचा चार्ट काढावा लागतो.