अप्पर नॉर्थ स्ट्रीट शाळेवरील बॉम्बहल्ला

(13 जून 1917). पहिल्या महायुद्धात लंडनच्या पॉप्लर भागातील एका प्राथमिक शाळेवर जर्मन विमानातून बॉम्ब पडला आणि 18 मुले मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 16 मुले चार ते सहा वर्षांची होती.

पॉप्लर हा पूर्व लंडनमधला, थेम्स नदीकाठचा गोदी कामगारांचा भाग. वेस्ट इंडिया आणि ईस्ट इंडिया या मोठ्या गोद्या तिथेच होत्या. मुंबईहून जहाजांवर आलेले कोकणी खलाशीही या परिसरात उतरत. गोदीतले काम बहुतांशी रोजंदारीचे होते. सकाळी फाटकाशी माणसांची गर्दी उभी राही आणि मुकादम ज्याला निवडेल त्याला त्या दिवसापुरती मजुरी मिळे, बाकीचे हात हलवत घरी परत. घरे लहान, माणसे फार. पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची असली तरी त्याहून लहान मुलांनाही बालवर्गात घेत, आणि कष्टकरी आयांना त्याचा मोठा आधार होता.

बालवर्गातल्या पाच वर्षांच्या मुलाचे आयुष्य हिशेबाला घेतले तर त्यात काय येते? जन्म 1912च्या सुमाराचा. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या गोदी कामगारांचा संप झाला, घराघरांत उपासमार झाली आणि शेवटी काही न मिळता माणसे कामावर परतली. मूल दोन वर्षांचे झाले तोवर महायुद्ध पेटले. मे 1915च्या अखेरीस लंडनवर झेपेलिन हवाई जहाजांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे. म्हणजे कळू लागल्यापासून त्याने युद्धाखेरीज दुसरा काळ पाहिलाच नाही. या मुलांविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी फक्त त्यांचा मृत्यू सांगितला जातो; त्याआधीची ही चार-पाच वर्षेही नोंदवण्याजोगी आहेत.

13 जूनचा हल्ला विमानांनी लंडनवर दिवसाढवळ्या केलेला पहिला मोठा हल्ला होता. जर्मन कॅप्टन एर्न्स्ट ब्रांडेनबुर्ग यांच्या नेतृत्वाखाली ‘गोथा’ जातीची बॉम्बफेकी विमाने दुपारी बाराच्या आधी शहरावर आली. धोक्याचा इशारा कोणी दिला नाही. इशाऱ्याने घबराट पसरेल, कारखान्यांतले काम थांबेल म्हणून सरकार तो टाळत असे. आपलीच विमाने समजून लोक रस्त्यावर उभे राहून वर पाहत होते. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट रेल्वे स्थानकाच्या परिसरात बॉम्ब कोसळले, तसाच एक पॉप्लरच्या या शाळेवर.

शाळा तीन मजल्यांची. छप्पर फोडून बॉम्ब वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या वर्गातून खाली आला, मधल्या मजल्यावरच्या मुलांच्या वर्गातून आणखी खाली गेला आणि तळमजल्यावर, बालवर्गात फुटला. त्या वर्गात 64 मुले होती. शिक्षिकांनी जखमींना बाहेर काढले. आया धावत आल्या आणि ढिगाऱ्यात आपापली मुले शोधू लागल्या. शाळेच्या रखवालदाराला मृतांमध्ये स्वतःचा पाच वर्षांचा मुलगा सापडला. त्या दिवशी लंडन परिसरात एकूण 162 माणसे मेली, चारशेहून अधिक जखमी झाली. जर्मनांचे एकही विमान पाडता आले नाही.

20 जूनला पॉप्लरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये लंडनच्या बिशपांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाला. पंधरा मुलांना ईस्ट लंडन दफनभूमीत एकाच कबरीत पुरले. बाकी तिघांचे दफन त्यांच्या घरच्यांनी वेगळे केले.

7 जुलैला लंडनवर असाच आणखी एक हल्ला झाला, आणि मग चक्रे फिरली. जुलैच्या मध्यापासून नागरिकांना आवाजी दारूगोळे उडवून इशारा दिला जाऊ लागला, सायकलवरचे पोलीस ‘आडोसा घ्या’ असे फलक लावून रस्त्यांतून फिरू लागले. हवाई संरक्षणाचा विचार करण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांच्याकडे काम सोपवले गेले. त्यांच्या अहवालातून 1 एप्रिल 1918 रोजी रॉयल एअर फोर्स हे ब्रिटनचे स्वतंत्र हवाई दल उभे राहिले. धोक्याचा इशारा महिना-दीड महिना आधी सुरू झाला असता, तर निदान मुलांना वर्गाबाहेर आडोशाला नेण्याचा प्रयत्न करता आला असता.

पॉप्लरच्या सार्वजनिक उद्यानात जून 1919 मध्ये लोकवर्गणीतून स्मारक उभारले गेले. वर पंख पसरलेला देवदूत आहे, खाली दगडावर अठरा नावे आणि प्रत्येक नावाशी वय कोरलेले. शाळेच्या जागी आज मेफ्लॉवर नावाची प्राथमिक शाळा भरते.