बेंडजवळचं होल: ड्रॉइंग पाठवण्याआधी एवढं बघा

लेझरवर पत्र्यात गोल कापलेलं होल, पत्रा बेंड केल्यावर (वाकवल्यावर) लांबट कसं झालं, हा प्रश्न आम्हाला सतत येतो. मशीन बरोबर असतं. होल बेंडच्या फार जवळ असतं.

२ मिमी शीट वाकवायला साधारण १६ मिमी तोंडाची व्ही-डाय (खालचा व्ही आकाराचा खाचेचा साचा) लागते. त्या तोंडावर शीटला खालून आधार नसतो आणि पंच (वरचं दाबणारं टूल) दाबला की तिथला पत्रा ताणला जातो. होल त्या पट्ट्यात आलं की बेंडकडच्या बाजूने ओढलं जातं, मग एम६ बोल्ट अडकतो. वर पावडर कोटिंगचा ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसला की उरलीसुरली जागाही जाते.

हिशेब सोपा आहे: बेंडच्या बाहेरच्या फेसपासून होलच्या कडेपर्यंत (सेंटरपर्यंत नव्हे) जाडीच्या पाचपट अंतर ठेवा. १ मिमीला ५, २ मिमीला १०, ३ मिमीला १५. म्हणजे २ मिमीच्या ब्रॅकेटवर एम६ बोल्टसाठी ६.६ चं होल असेल तर १० अधिक होलचा अर्धा व्यास ३.३, म्हणून सेंटर १४ मिमीवर घ्या. ड्रॉइंगमध्ये हमखास ९ असतं.

जागाच नसेल तर बेंड लाइनवर होलच्या रुंदीपेक्षा थोडा लांब स्लॉट कापून घ्या. ताण तिथेच तुटतो. नाहीतर बेंडनंतर ड्रिल करू, पण त्याचं मार्किंग आणि सेटिंग वेगळं, म्हणून दरही वेगळा लागतो. "छोटी डाय लावा ना" असं सांगितलं जातं. १६ ऐवजी १२ ची लावली तर टनेज (दाबायला लागणारा जोर) साधारण एक तृतीयांशाने वाढतं, पत्र्यावर डायचे वळ उठतात आणि आतला रेडियस बदलल्यामुळे फ्लॅटचं (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचं) मापही चुकतं.

फ्लॅटवरून आठवलं. नुसती फ्लॅटची डीएक्सएफ (कटिंगची सपाट ड्रॉइंग फाइल) पाठवू नका. बेंड झालेल्या जॉबची बाहेरची मापं किंवा स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल) द्या. २ मिमीत ५०×१००×५० चं चॅनल २०० मिमी फ्लॅटमधून काढलं तर सात-साडेसात मिमी जास्त भरतं. डिडक्शन, म्हणजे बेंडसाठी फ्लॅटमधून वजा करायचं माप, आमच्या डायप्रमाणे आम्हीच धरतो.

फ्लँज (वाकवलेली कड) २ मिमीत १२ मिमीपेक्षा कमी नको. बेंड जिथे संपतात त्या कोपऱ्यात रिलीफ कट (छोटी खाच) द्या.

तुमचं ड्रॉइंग आम्ही परस्पर बदलत नाही. विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत जॉब थांबतो. ऑर्डरआधी फाइल पाठवलीत तर तपासणी फुकट. फेब्रुवारीनंतर कूलरच्या बॉडीचं काम चढतं, तेव्हा थांबलेला जॉब रांगेत मागे जातो.