झॅन्थन गमच्या गुठळ्या होतायत? फोन करायच्या आधी हे वाचा

सॉसवाले, बेकरीवाले, आइस्क्रीमवाले, सगळ्यांना नमस्कार. झॅन्थन गम म्हणजे सॉस-आइस्क्रीम घट्ट करायची पावडर, तिच्या पाकिटाबरोबर हा कागद द्यायची वेळ आली कारण रोज एकच फोन येतो, "तुमची पावडर विरघळत नाही, गुठळ्या झाल्यात, माल खराब दिलाय." माल खराब नाही ओ, पाण्यात टाकायची पद्धत चुकतीय.

झॅन्थनला पाणी लागलं की ते लगेच फुगतं. चमचाभर पावडर एकदम पाण्यात ओतली की ढिगाचा बाहेरचा थर चिकट होऊन बसतो आणि आत पाणी जायची वाटच बंद, आत पावडर कोरडीच्या कोरडी. पिठल्यात बेसन भसकन ओतलं की काय होतं ते घरात सगळ्यांना माहितीय, तेच हे, फक्त ही गुठळी पळीनं दाबून मोडत नाही. आणि खरं नुकसान पुढं होतं. सॉस पातळ दिसतो म्हणून माणूस अजून दोन चमचे टाकतो, रात्रभरात गुठळ्या आतून हळूहळू भिजतात, आणि सकाळी झाकण काढलं की पातेल्यात सॉस नाही, शेंबूड. मग दुसरा फोन, "लईच घट्ट झालं की वो." एकाच पाकिटावर पातळची पण तक्रार आणि घट्टची पण!

तर असं करा. गमच्या दहापट साखर घ्या, दोन्ही कोरडंच नीट मिसळा, पाणी मिक्सरनं किंवा रवीनं जोरात फिरत ठेवा आणि त्यात हे मिश्रण मीठ भुरभुरावं तसं थोडं थोडं सोडा. साखर चालणार नसेल तर पाचपट तेलात कालवून सोडा, मेयोनीजवाल्यांना हेच सोयीचं. मग १५-२० मिनिटं हात लावू नका, घट्ट झालंय का ते त्यानंतरच बघायचं. मीठ आणि व्हिनेगर सगळ्यात शेवटी, आधीच खारट असलेल्या पाण्यात गम फुगायला वेळ लावतो. लिटरला २ ते ३ ग्रॅम सॉसला बहुतेक वेळा पुरतात, आणि ते काट्यावर मोजा, चमच्याचा भरवसा नाही, कुणाचा चमचा सपाट तर कुणाचा शिगोशीग.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "बॅक्टेरियाचं आहे म्हणे, खायला चालतं का?" चालतं. कोबीच्या पानांवर काळी कूज आणणारा झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू आहे, त्याला टाकीत साखर खायला घालतात, तो साखरेचे कण जोडून लांब साखळ्या करतो, मग उष्णता देऊन जिवाणू मारतात, अल्कोहोलनं गम वेगळा काढून वाळवून दळतात. अमेरिकेत १९६९ पासून खाण्यात परवानगी आहे, आपल्याकडं लेबलवर ४१५ नंबर दिसतो. गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीचं चिकट पाणी टाकतात ना, तोही साखरेच्या साखळ्यांचाच चिकटपणा, फक्त तो झाडाचा.

याची भावंडं, म्हणजे जिवाणूंनीच केलेल्या अशा साखळ्या, आपल्या ओळखीचीच आहेत. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीत पडून राहिला की रस बुळबुळीत होतो, गाळायला त्रास, साखरेचा दाणा लांबट येतो, हा बुळबुळीतपणा जिवाणूंनी केलेल्या डेक्स्ट्रानचा, कारखान्यातली माणसं त्याला शिव्या घालतात. पण तेच डेक्स्ट्रान शुद्ध करून, मापाच्या साखळ्या करून सलाईनमध्ये दिलं की रक्त गेलेल्या पेशंटच्या रक्ताचं आकारमान टिकवायला कामी येतं. गुडघ्यात देतात ते हायल्युरोनिक अ‍ॅसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता बरंचसं बॅक्टेरियाकडूनच. जेलन गम टिश्यू कल्चरच्या बाटलीत रोपाखाली असतो आणि जेलीतही, तो मात्र गरम पाण्यातच विरघळतो, थंड झाल्यावर थिजतो, त्याला झॅन्थनची पद्धत लावू नका. तेलाच्या विहिरी खोदताना चिखल घट्ट करायलाही झॅन्थनच, म्हणजे तुमची चटणी आणि ती विहीर एकाच पावडरवर.

एक विनंती. पॅरालिसिसनंतर गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला पाणी घट्ट करून देतात, त्यातही झॅन्थन असतं, म्हणून काही जण आमचं पाकीट न्यायला येतात. डॉक्टरांनी घट्टपणा ठरवून दिल्याशिवाय नेऊ नका, आणि तान्ह्या बाळाला तर अजिबात नाही. आमचा माल स्वयंपाकाचा आहे, औषधाचा नाही.

उघडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, याचा राग येतो काहींना. पण एकदा दमट हवा लागली की आतच गोळे होतात, असला माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडानं द्यायचा? घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका. ज्यांना साखर मिसळायचा वैताग येतो त्यांच्यासाठी आम्ही तयार मिश्रण करून देतो, किलोला थोडं जास्त पडतं पण एक पातेलं सॉस फेकण्यापेक्षा स्वस्तच. पहिल्यांदा घेत असाल तर ५० ग्रॅमची पुडी घेऊन जा, आणि तुमचाच सॉस डब्यात घालून दुकानात आणा, मिक्सर इथंच आहे, करून दाखवतो. फक्त दुपारी १ ते ४ येऊ नका, दुकान बंद असतं.