फिल्मच्या डबीतला गुरू

फोटो स्टुडिओवाले पूर्वी ३५ मिलिमीटरचा फिल्मरोल ज्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत देत, तिचा बाहेरचा व्यास जवळजवळ सव्वा इंच भरतो. दुर्बिणीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ज्या नळीत बसतो तीही सव्वा इंचाचीच. हे ज्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं त्याला माझा दंडवत. डबीचा तळ कापायचा, वेबकॅमचं इवलंसं भिंग फिरवून काढायचं, उघड्या सेन्सरवर डबी चिकटवायची, की दुर्बिणीचा कॅमेरा तयार. फोंड्यातल्या एका जुन्या स्टुडिओत अशा डब्या गोणीभर पडून होत्या. मी चार मागितल्या, त्यांनी वीस दिल्या आणि विचारलं, "कशाला रे, मसाला भरायला?"

भिंग काढायचं, कारण आता दुर्बीणच भिंग झाली. आरशाने गोळा केलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो. वीसेक वर्षांपूर्वी हौशी आकाशनिरीक्षकांत फिलिप्सच्या टूयूकॅम प्रो या वेबकॅमचा फार बोलबाला होता. त्यात सोनीचा सीसीडी सेन्सर होता, ६४० बाय ४८० पिक्सेलचा, एकेक पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आजच्या मोबाइलपुढे हे आकडे सांगायला लाज वाटावी. पण माझ्या सहा इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे आणि तिच्यावर असा वेबकॅम लावला की एक पिक्सेल आकाशातली जवळपास एक विकला व्यापतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. दोन सेंटीमीटरचं नाणं चार किलोमीटरवरून दिसेल तेवढी. गुरूची तबकडी ४५ विकलांची असते तेव्हा पडद्यावर ती ४७ पिक्सेल रुंद दिसते आणि दुप्पट करणारं बार्लो भिंग घातलं तर ९३. चंद्र मात्र या चौकटीत मावत नाही, त्याचे तुकडे तुकडे घेऊन नंतर गोधडीसारखे जोडावे लागतात.

पहिल्या रात्री लॅपटॉपवर गुरू आला तो व्हाळात बुडालेल्या लिंबासारखा. सारखा हलतोय, मध्येच लांबट होतोय, मध्येच दोन कडा दाखवतोय. दोष दुर्बिणीचा नव्हता. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्याच्या वर सगळं वातावरण, थंड-गरम हवेच्या तुकड्यांनी भरलेलं. प्रत्येक तुकडा प्रकाशाला जरा वेगळीकडे वळवतो आणि हे चित्र सेकंदाच्या शतांशात बदलतं. फिल्मवर एक-दोन सेकंदांचा फोटो घेतला की या सगळ्या थरथरीची सरासरी, म्हणजे एक पिवळट बोळा, तेवढी हाती लागते. मोठमोठ्या दुर्बिणींनी फिल्मवर घेतलेले ग्रहांचे जुने फोटो म्हणूनच मऊ दिसतात.

वेबकॅमची नजर काही तीक्ष्ण नाही. तो वारंवार बघतो, त्याचं बळ तेवढंच. सेकंदाला दहा फ्रेम घेतल्या की दोन मिनिटांत १२०० होतात आणि त्यांतल्या काही अशा क्षणी पडतात जेव्हा दुर्बिणीसमोरची हवा योगायोगाने सपाट असते. असा योग किती वेळा येईल, याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलं. हवेचा सलग शांत पट्टा किती रुंद आहे आणि दुर्बीण त्याच्या किती पट आहे, एवढ्यावर ते ठरतं. वाईट रात्री हा पट्टा तीन सेंटीमीटरचा धरू. माझा आरसा १५ सेंटीमीटरचा, म्हणजे पाच पट. अशा वेळी साधारण नऊ फ्रेममागे एक चांगली मिळते. त्याच हवेत कुणी ३० सेंटीमीटरची दुर्बीण लावली तर दहा लाखांत एक! छोटी दुर्बीण असलेल्यांनी हा आकडा जपून ठेवावा, मोठी दुर्बीण मिरवणाऱ्यांसमोर कामाला येतो. (निवांत रात्री त्यांचीच सरशी होते, ते आपण सांगायची गरज नाही.)

१२०० मधल्या सव्वाशे-दीडशे चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक बेतून रचायच्या. हे काम कॉर बेरेव्होट्स या डच हौशी माणसाने लिहिलेल्या रेजिस्टॅक्स या प्रोग्रामने घरोघरी नेलं. हल्ली ऑटोस्टॅकर्ट जास्त वापरतात. एका फ्रेममध्ये खरखर भरपूर असते, पण ती प्रत्येकीत वेगळी असते आणि गुरूचे पट्टे सगळ्यांत तेच. म्हणून रचल्यावर खरखर फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाइतकी घटते, १२१ फ्रेमना ११ पट. मग धारदारपणा वाढवला की नुसत्या बोळ्यातून पट्टे, त्यांतल्या गाठी आणि नशीब असलं तर तांबडा डाग वर येतो. पहिल्यांदा ते बघताना मी चहा थंड केला होता.

दोन मिनिटांवर हाव धरायची नाही. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. तबकडीच्या मध्यावरचा ठिपका दोन मिनिटांत अर्धी विकला सरकतो. त्यापुढे चित्रण केलं तर हवेने नाही, गुरूनेच फोटो पुसला म्हणायचा. आणि वेबकॅमच्या खोक्यावर सेकंदाला ३० फ्रेम लिहिलेलं असलं तरी जुन्या यूएसबीच्या वायरीतून तेवढा डेटा दाबल्याशिवाय (कॉम्प्रेस केल्याशिवाय) जात नाही आणि दाबताना बारकावे जातात. पाच ते दहा बरे.

या खेळात गोवा फार चांगल्या जागी आहे. आपण १५.५ अक्षांशावर आहोत, त्यामुळे गुरू कुठल्याही राशीत असला तरी मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आला की क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतोच. लंडनमध्ये तो धनू राशीत असताना जेमतेम १५ अंश चढतो आणि त्याचा प्रकाश जवळजवळ चौपट हवेतून येतो. फिलिपिन्समधल्या सेबूहून ख्रिस्तोफर गो हे हौशी निरीक्षक असेच उष्ण, दमट, समुद्राकाठच्या हवेतून गुरूचं चित्रण करतात. २००६ च्या फेब्रुवारीत गुरूवरचं 'ओव्हल बीए' नावाचं पांढरं वादळ तांबडं झालेलं त्यांच्याच लक्षात आलं. ३ जून २०१० ला गुरूवर काहीतरी आदळून चमकलं, ते ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांच्याबरोबर त्यांच्याही चित्रणात सापडलं. दमट हवेला आपण उगीच शिव्या घालतो. बुरशी मात्र खरी. पावसाळ्यात सेन्सरवरची काच सिलिका जेलच्या डब्यात ठेवली नाही तर चतुर्थीपर्यंत तिच्यावर जाळं धरतं.

हाच अक्षांश दुसऱ्या कामात छळतो. तेजोमेघांसारख्या मंद गोष्टींसाठी कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात आकाश सेकंदाला १५ विकलांनी सरकतं. माउंटचा, म्हणजे दुर्बीण ज्यावर फिरते त्या बैठकीचा, आस ध्रुवताऱ्याकडे रोखून मोटरने उलटं फिरवायचं, एवढंच खरं तर. पण इथे ध्रुवतारा क्षितिजावर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीच्या उंचीवर. माझ्या उत्तरेला कुळागर आहे. माडांच्या चुडतांतून तो कधी डोकावलाच तर डोळे मिचकावून जातो. शिवाय आस इतका आडवा ठेवला की तोल राखणारं वजन ट्रायपॉडच्या पायाला घासतं. ध्रुव न दिसता आस लावायला वेबकॅमच मदतीला येतो. दक्षिणेकडे डोक्याशी, खगोलीय विषुववृत्ताजवळचा एक तारा पडद्यावरच्या रेघेवर धरायचा आणि बघत बसायचं. तो दक्षिणेला घसरला तर आस पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. एक अंशाची चूक मिनिटाला १५ विकलांनी उघडी पडते.

आस नीट लागला तरी गिअर बिनचूक नसतात. म्हणून मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर छोटी दुर्बीण बांधतात आणि तिला वेबकॅम लावून एका ताऱ्यावर पहारा ठेवतात; तो सरकला की माउंट तेवढं सुधारायचं, हेच गायडिंग. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मिल्टन ह्यूमसन हे काम पूर्वी डोळ्याने करत, थंडीत रात्रभर आयपीसला चिकटून. आता क्रेग स्टार्क यांच्या पीएचडी गायडिंगसारखा प्रोग्राम ते करतो. नावातली अक्षरं 'पुश हिअर, डमी' ची, म्हणजे 'इथे दाब, ढ्या'. ४०० मिलिमीटरच्या गाइड दुर्बिणीत एक पिक्सेल जवळपास तीन विकलांचा होतो, तरी दुरुस्ती एक तृतीयांश विकलेची जमते. तारा एका पिक्सेलवर न पडता आजूबाजूच्या चार-पाचांवर पसरतो, आणि कुणावर किती उजेड पडला याच्या हिशेबातून त्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत काढता येतो. इथे तारा किंचित धूसर केलेला बरा असतो, हे ऐकून सगळेच चकित होतात.

आणि इथे वेबकॅमने घाई करायची नाही. ग्रहासाठी हवेचा एकेक क्षण पकडायचा. गायडिंगला तेच केलं तर माउंट प्रत्येक थरथरीमागे धावतं आणि फोटोतले तारे अंडाकृती होतात. दोन-तीन सेकंद बघायचं, हवेची थरथर एकमेकींत विरू द्यायची आणि उरेल तेवढीच चूक सुधारायची. साध्या वेबकॅमला एवढा वेळ उघडं राहता येत नाही, म्हणून फक्त तेजस्वी तारेच चालतात. इंग्लंडच्या स्टीव्ह चेंबर्स यांनी चिपचे पाय उचलून, तारा डाखून त्याला सेकंदांवर सेकंद उघडं ठेवायची युक्ती काढली. मी ती करताना एक कॅमेरा जाळला. दुसरा चालला.

या दुसऱ्याने मला एक रात्र छळलं. गायडिंगचा आलेख शांत लाट काढत होता, पण दर दहा मिनिटांनी एक टोक वर उडायचं. आधी वाटलं वारा, मग शेजारच्या घरातला पंप. शेवटी हिशेब केला: माझ्या माउंटच्या चाकाला १४४ दाते, २३ तास ५६ मिनिटांत त्याची एक फेरी, म्हणजे वर्मचा, त्या चाकाला फिरवणाऱ्या स्क्रूचा, प्रत्येक फेरा दहा मिनिटांच्या आसपास. सकाळी झाकण उघडलं तर वाळलेल्या ग्रीसमध्ये लोखंडाचा एक कीस अडकला होता. तो चिमट्याने काढला आणि फिल्मच्या एका डबीत ठेवला. अजून चौदा डब्या शिल्लक आहेत.